जानराव पोस्टमनचा डावा पाय

शाळेच्या पटांगणात धूम्रपानविरोधी सभा झाली, त्या दिवशी दिवेलागणीच्या आत अनसिंगच्या दोन्ही पानठेल्यांवरची बिडी संपली. वच्छलाला हे दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कळलं. पानठेलेवालाच हात जोडून म्हणाला, "बाई, अशी सभा दर महिन्याले घेत जा."

आणीबाणीतलं १९७६ साल होतं. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची ओळ छापलीच पाहिजे असा कायदा झाला होता, आणि त्याचं महत्त्व जनतेला पटवून द्यावं असं एक परिपत्रक शाळेत येऊन पडलं होतं. त्या वर्षी वरून हुकूम यायचे आणि खालून अहवाल जायचे. मधल्या मधे काही घडावं अशी कुणाची अपेक्षा नसे. मुख्याध्यापक जगदेव गुरुजींनी परिपत्रक वाचलं, सिगारेट पेटवली आणि धूर सोडत वच्छलाला बोलावून घेतलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेली, गावातल्या बौद्धवस्तीतली पहिलीच मुलगी.

"एखादा प्रयोग दाखवा," गुरुजी म्हणाले. "लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. फक्त सामान नवीन मागू नका."

तिने सामान मागितलं नाही. एक मोठी बाटली पाण्याने भरली आणि तिला दोन भोकांचं बूच बसवलं. एका भोकातून बुडापर्यंत गेलेल्या रबरी नळीने पाणी बाहेर पडे, आणि जेवढं पाणी बाहेर जाई तेवढी हवा दुसऱ्या भोकातून आत ओढली जाई. त्या दुसऱ्या भोकात काचेची नळी, नळीत पांढरा कापूस, नळीच्या टोकाला सिगारेट. सिगारेट गुरुजींनी स्वतःच्या पाकिटातून दिली. देताना त्यांचा चेहरा लेक सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

सभेत गुरुजी तासभर बोलले. सिगारेट ही परदेशी बला आहे, गोरा गेला आणि आपलं थोटूक मागे ठेवून गेला, असं ते हात आपटून म्हणाले. मग वच्छलाने प्रयोग केला. बाटली सिगारेट ओढू लागली तशी मागची पोरं उठून उभी राहिली. पाच मिनिटांनी तिने चिमट्याने कापूस काढून दाखवला. तो पिवळट तपकिरी झाला होता, आणि त्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"अन् बिडीचं काय गुरुजी?" गर्दीतून कुणी तरी विचारलं.

गुरुजींनी परिपत्रक पुन्हा उलगडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बिडीचा यात उल्लेख नाही."

वच्छलाने तोंड उघडलं होतं. पण काचेची एकच चांगली नळी शाळेत होती, ती तापलेली होती, तिच्या हातात होती, आणि तेवढ्यात गुरुजींनी आभार मानायला सुरुवात केली. बिडीचं सांगायचं राहून गेलं. पुढे वर्षभर ती नळी तिच्या मनातून गेली नाही.

पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते. जानराव पोस्टमन. खाकी सदरा, खांद्यावर रिकामी पिशवी. छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला हा माणूस चौथी शिकून पोस्टात लागला होता, आणि छापील अक्षरावर त्याचा असा विश्वास होता की आगपेटीवरचा मजकूरही तो पूर्ण वाची. एरवी तो बिडीवालाच. पण लेक मास्तरीण झाल्यापासून गेली दोन वर्षं तो सिगारेट ओढू लागला होता. मास्तरणीच्या बापाला बिडी शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. पाकिटावरची नवी इंग्रजी ओळ त्याने महिन्याभरापूर्वीच वच्छलाकडून वाचून घेतली होती, आणि तिने ती अक्षर न अक्षर बरोबर सांगितली होती: सिगारेट ओढणं आरोग्याला अपायकारक आहे.

सभा संपता संपता जानराव उभा राहिला. त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमक्ष गुरुजींच्या टेबलावर ठेवलं. "आजपासून शिगरेट बंद!"

टाळ्या पडल्या. एका शासकीय कर्मचाऱ्याने जागेवरच सिगारेटचा त्याग केला, असं अहवालात गेलं. पाकिटात सहा सिगारेटी उरल्या होत्या. त्यांचं काय झालं ते अहवालात नव्हतं, पण दोन दिवस गुरुजींच्या बोटात वेगळ्याच छापाची सिगारेट दिसत होती.

संध्याकाळी वच्छला घरी आली तर ओट्यावर धूर.

"बाबा, हे काय?"

"बिडी."

"ते दिसून राह्यलं मले. सोडली ना तुमी आज?"

"शिगरेट सोडली." जानरावने बिडीचा कट्टा तिच्यासमोर धरला. "हे पाह्य. वाघाचं चित्र हाये, लाल दोरा हाये. कोठी काई लिवलं हाये काय? शिगरेटवर सरकारनं लिवलं. बिडीनं नुसकान होत असतं तं बिडीवर नसतं लिवलं? सरकार का येडं हाये?"

सरकार वेडं आहे की नाही याबद्दल वच्छलाचं एक मत होतं, पण त्या वर्षी अशी मतं ओट्यावर बसून कुणी सांगत नसे.

"बाबा, तंबाखू तेच. धूर तोच. उलट जास्तच."

"त्यात कागद अस्ते. हे झाडाचं पान हाये," जानराव म्हणाला, आणि झाडाच्या पानाचा झुरका घेतला.

ही चूक एकट्या जानरावची नव्हती. अख्ख्या गावाने तोच अर्थ काढला होता. सिगारेट ओढणारी पाच-पन्नास शहाणी माणसं आठवडाभरात बिडीवर आली आणि बिडीवाले अधिक शहाणे झाले. महिन्याच्या शेवटी गुरुजींनी 'सिगारेट-सेवनात लक्षणीय घट' असा दुसरा अहवाल पाठवला. तो खोटा नव्हता, हेच वच्छलाला सगळ्यात झोंबलं.

दिवाळीनंतर जानरावची चाल बदलली. तीन गावं आणि दोन तांडे असा त्याचा रोजचा फेरा; चौदा वर्षांत कधी थकला नव्हता. आता फर्लांगभर गेलं की डाव्या पोटरीत गोळा येई. बसलं की जाई, चाललं की पुन्हा येई. जानराव म्हणे, नवी चप्पल चावते. जुनी घातली तरी गोळा आला, तेव्हा म्हणे, वारं शिरलं. माघात डाव्या अंगठ्याच्या नखाशी जखम झाली ती भरेचना. वच्छलाच्या आईने, लिलाबाईने, हळद भरली, कडूनिंबाच्या पाल्याने शेकलं. अंगठा निळसर होत गेला.

एका रविवारी वच्छलाने वडिलांचे दोन्ही पाय पुढ्यात घेतले आणि पावलावर दोन बोटं ठेवून नाडी शोधली. उजव्या पायाची मंद लागली. डाव्याची लागलीच नाही. तिने बोटं सरकवून पुन्हा पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. पाय थंड होता, बाहेर ऊन असूनही.

"काय पाह्यते गं?" लिलाबाई म्हणाली.

"काई नाई माय. उद्या अकोल्याले जाऊ."

अकोल्याच्या डॉक्टरने पाय बघायच्या आधीच विचारलं, "बिडी?"

"होये साहेब."

"किती?"

"दीड-दोन कट्टे."

डॉक्टर रोडके होते आणि दमलेले होते. त्यांनी अंगठा पाहिला, पोटरी दाबली आणि एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा बोलले. "पायाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत चालल्या आहेत. बिडीने. अंगठा वाचणार नाही. औषधं देतो, जखम कोरडी ठेवा; मेलेला भाग वेगळा दिसू लागायला वेळ लागेल, शाळांना सुट्ट्या लागल्या की या, काढून टाकू. बिडी पूर्ण बंद केली तर तेवढ्यावर भागेल. नाही केली तर पुढच्या वर्षी पाऊल, त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्यापासून. असे पुष्कळ पाय काढलेत मी. कमी केली, हे सांगायला येऊ नका. एकही चालणार नाही."

जानरावने आपल्या पायाकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, शिगरेट चालन काय?"

डॉक्टरांनी वच्छलाकडे पाहिलं. तिने जमिनीकडे पाहिलं.

येताना यष्टीत जानरावने शपथ घेतली. तीन दिवस पाळली. चौथ्या दिवशी आजाऱ्याला बघायला माणसं येऊ लागली, आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये हे अनसिंगमध्ये प्रत्येकाला कळत होतं. कुणी कट्टा आणला, कुणी दोन आणले. लोक ओट्यावर बसत, जानरावच्या पायाबद्दल हळहळत, त्याला बिडी देत, आपली पेटवत. 'माह्या मामाचा असाच पाय होता, कापला बिचाऱ्याचा,' असं एक जण सांगत होता आणि सांगता सांगता आगपेटी पुढे करत होता. आतून वच्छला हे ऐके. माणसाच्या अज्ञानाची तिला सवय होती. ते तिच्या नोकरीचं कारणच होतं. पण हे अज्ञान नव्हतं. पाय का सडला हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सांत्वनाला बिडीशिवाय दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं, इतकंच.

तिने घरी प्रयोग मांडला. शाळेतून बाटली आणली, नळी आणली, या वेळी बिडी लावली. कापूस चहाच्या चोथ्यासारखा काळा निघाला. तिने तो बशीत घालून वडिलांपुढे ठेवला. शेजारी सभेतला जुना पिवळा कापूस, तिने जपून ठेवलेला.

"पाहा. हा सिगारेटचा. हा बिडीचा."

जानरावने दोन्ही निरखून पाहिले. "मंग बाटलीले कायले पेऊ देते?" तो म्हणाला. "वच्छी, म्या तीस वर्सं पेली. असा कापूस असता माह्या छातीत तं मी कवाच मेलो असतो." आणि खोकला आला म्हणून उठून ओट्याच्या कडेला गेला.

एक माणूस मात्र रोज यायचा. उकंडराव. पाटलांच्या भाऊबंदातला, पिळदार मिशांचा, बऱ्यापैकी जमीन बाळगून असलेला. जानराव पोस्टात लागल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, तो संध्याकाळी या ओट्यावर टेकायचा. त्याची पत्रं जानराव वाचून दाखवी, उत्तरं लिहून देई. आणि मग तो सोहळा व्हायचा. जानराव बिडी पेटवी आणि पुढे होई. उकंडराव आपली कोरी बिडी तोंडात धरून खाली वाके. टोकाला टोक लागे, दोघांचे गाल आत जात, आणि उकंडरावची बिडी जानरावच्या बिडीवरून पेटे; मधली दोन वर्षं सिगारेटवरून. उकंडराव कधी आगपेटी आणत नसे.

"कमी करा तं म्हनते मी," वच्छला एकदा चिडून म्हणाली. "निदान उकंडकाका आले की पेटवू नका. त्यायले माचिस देत जा."

जानरावने दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेतला.

"माहा बाप पाटलाच्या दारी इस्तव मागाले जाये," तो म्हणाला. "खापर खाली ठेवाचं अन् मांगं सरकाचं. मंग पाटलीन वरून निखारा टाके. खापरावर पडला तं पडला. एकडाव बापाच्या पायावर पडला, डाग होता मरेपर्यंत. अन् आज त्याच घरचा मानूस माह्या बिडीवर वाकते. रोज वाकते. तू म्हंते माचिस देत जा."

लिलाबाई चुलीपाशी थांबली. गाव, गुरुजी, परिपत्रक, बाप, या सगळ्यांबद्दलचा तिचा तिटकारा आतापर्यंत व्यवस्थित चालत होता. इथे येऊन तो अडखळला. बाप तंबाखू ओढतच नव्हता. तो रोज संध्याकाळी एक वाकलेली मान ओढत होता. त्यासाठी एक पाय गेला तर त्याच्या हिशोबी फार महाग नव्हतं.

रात्रभर नव्हे, चांगले आठ दिवस ती त्यावर विचार करत होती. आणि मग तिला एक साधी गोष्ट आठवली. आठवली म्हणजे, ती तिला कायमच माहीत होती. चौदा वर्षांत उकंडराव या घरचं पाणी प्यायला नव्हता. चहा केला तर 'आत्ताच घेतला'. पाणी दिलं तर 'तहान नाई'. उन्हाळ्यात तहान नाई, लग्नाच्या दिवशी तहान नाई, मिरची कांडत असताना ठसका लागला तेव्हाही तहान नाई. शेकडो वेळा तेच, अपवाद एकही नाही. प्रयोगवहीत याला योगायोग म्हणत नाहीत. लिलाबाईला ते ठाऊक होतं, म्हणून तिने विचारणंच सोडलं होतं. जानरावने मात्र तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो टोकाकडे बघत होता, जिथे विस्तव लागायचा.

अंगठा काढायला तीन आठवडे उरले होते. चैत्र संपत आला होता. उकंडराव त्या दिवशी वावरातून थेट आला, मैलभर उन्हात. ओठ फुटलेले, गळ्याभोवतीचा पंचा घामाने चिंब. ओट्यावर टेकला. जानरावच्या हातात अर्धी बिडी जळत होती. लेक शाळेतून यायच्या आत ओढून घेत होता. पण त्या दिवसापासून शाळा सकाळची झाली होती आणि लेक घरातच होती.

वच्छला ताटलीत दोन गिलास पाणी घेऊन बाहेर आली. माठातलं, वाळा घातलेलं.

"घ्या काका."

"कायले तरास घेतला बाई."

"पानी द्याले कायचा तरास. उनातून आले तुमी."

"मले तहान नाई. वावरात पेलो."

"वावरातली हीर तं शिमग्यालेच आटली म्हनत होते ना तुमी परवा?"

उकंडरावने मिशीवरून हात फिरवला. जानराव हसला. त्याला अजून काही दिसलं नव्हतं. "पेऊन घे ना उकंडराव. लेक देऊन राह्यली."

"राहू दे पानी." उकंडरावने कानावरची बिडी काढली, फुटक्या ओठात धरली आणि सवयीने मान पुढे केली. "इस्तव दे."

जानरावचा हात अर्ध्यावर आला होता. तो तिथेच थांबला. त्याने उकंडरावच्या ओठांकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं होतं. मग ताटलीतल्या गिलासाकडे पाहिलं. मग पुन्हा ओठांकडे.

"आधी पानी पे," तो म्हणाला.

"म्हनलं ना तहान नाई."

"घोटभर पे."

"जानराव, तू बी काय लहान लेकरावानी..."

"घोटभर, उकंडराव. मंग इस्तव देतो. चौदा वर्सं देऊनच राह्यलो."

गल्लीतून एक बकरी गेली. वच्छला ताटली धरून उभी होती. तिचे हात दुखायला लागले होते, पण तिने ताटली खाली ठेवली नाही. उकंडराव उठला. पंचा झटकला. "येतो मी. ढोराईले पानी पाजाचं हाये, तहानले असतील बिचारे," म्हणाला आणि गेला.

जानराव बसून राहिला. बिडीची राख लांबत गेली, वाकली, त्याच्या धोतरावर पडली. मग त्याने हात लांब केला आणि बिडी उकंडरावच्या गिलासात सोडली. छस्स झालं. पाणी पिवळं व्हायला लागलं.

"ढोराईले तहान हाये," तो म्हणाला. "मालकाले नाई." आणि मग, कुणाकडे न बघता, "तुले मालूम होतं?"

"होये बाबा."

"तुह्या मायले?"

आतून लिलाबाई म्हणाली, "पानी मीच देत होते ना."

त्यानंतर जे झालं त्यात थोर असं काही नव्हतं. जानरावने दोनदा जेवणाचं ताट भिरकावलं, लिलाबाईला नाही नाही ते बोलला, आणि लवंगा चघळून चघळून जीभ सोलून घेतली. पण बिडीला हात लावला नाही. शपथेने जे जमलं नव्हतं, डॉक्टरने आणि काळ्या कापसाने जे झालं नव्हतं, ते निव्वळ किळसेने झालं. संध्याकाळी तो ओट्यावर बसे तेव्हा शेजारी भरलेला गिलास ठेवी. कुणी बिडी पुढे केली की म्हणे, "आधी पानी पे." कुणी पीत, कुणाला तहान नसे. तहान नसणारे हळूहळू येईनासे झाले, आणि ओट्यावरची गर्दी निम्म्याने उतरली. वच्छलाने नावं लक्षात ठेवली.

उकंडराव पाचव्या दिवशी आला. खाली उभं राहूनच त्याने विचारलं, "इस्तव हाये काय, जानराव?"

"पानी हाये," जानराव म्हणाला.

मे महिन्यात अकोल्याला अंगठा काढला. जखम भरली. डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाले, "ओढत नाही तुम्ही. खरंच." त्यांच्या आवाजात कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा जगदेव गुरुजींना बातमी कळली होती. त्यांनी सिगारेट पेटवून वच्छलाला बोलावलं. "तुमच्या वडिलांचं उदाहरण घालू अहवालात. गेल्या वर्षीच्या सभेचा परिणाम म्हणून. तुम्हीच लिहा चार ओळी."

तिने कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली: सभेचा परिणाम झाला नाही. गुरुजींनी ती वाचली, थोटूक विझवलं आणि चार ओळी स्वतः लिहिल्या.

जानराव पुन्हा फेऱ्यावर जाऊ लागला होता. डाव्या चपलेत पुढे चिंधी कोंबून, थोडा लंगडत. एका सकाळी वच्छला शाळेला निघाली, तेव्हा तो तिच्या पुढे चालला होता. तिने पावलं मोजली. फर्लांग संपला, दुसरा संपला. तो थांबला नाही, पोटरी धरून बसला नाही.

उकंडरावच्या घरापाशी तो वळला. उकंडराव ओट्याच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. पत्र बघून त्याने बसल्या जागीच हात पुढे केला. "बस ना जानराव. वाचून दाखव."

एरवी जानराव पत्र हातात द्यायचा, मग बसायचा. आज तो उभाच राहिला. त्याने पत्र उकंडरावच्या तळहाताच्या वर धरलं आणि सोडलं. वच्छलाने लांबूनच अंदाज केला: पुरती एक वीत अंतर होतं. पत्र तळहाताच्या कडेला लागून मातीत पडलं.

जानराव मागे वळून न बघता पुढच्या घराकडे गेला. वच्छला त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती. तो नीट पडत होता.